देणगी नव्हे, देणं: ज्येष्ठ निवासांच्या विश्वस्तांना खुलं पत्र

प्रति,
ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या ज्येष्ठ निवासांचे विश्वस्त आणि व्यवस्थापक यांस

सप्रेम नमस्कार.

मी अशाच एका निवासात गेली सात वर्षं राहते. त्याआधी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. इथे मला काही कमी नाही हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की बाई जेवणावर किंवा खोलीवर नाराज आहेत. तसं मुळीच नाही. रात्री दोन वाजता घंटा वाजवली तर चार-पाच मिनिटांत कुणीतरी दारात उभं असतं. या वयात माणसाला एवढीच एक खात्री हवी असते आणि ती मला मिळाली आहे. ती भिंतीच्या आतच अडकून राहिली आहे, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षीच्या वार्षिक अहवालात एक पान होतं, ‘समाजासाठी आमचं योगदान’. धनादेश देतानाचा फोटो, एका शाळेला दिलेल्या वह्या, एक आरोग्य तपासणी शिबिर आणि तळाशी एक रक्कम. पानावर खोटं काहीच नव्हतं. पण अहवाल हातात पडला त्याच आठवड्यात फाटकाशी एक प्रसंग घडला होता, आणि ते पान वाचताना तोच डोळ्यांसमोर येत राहिला.

आमच्या समोरच, रस्ता ओलांडला की, एक बाई राहतात. त्यांच्या यजमानांना स्मृतिभ्रंश आहे. ते सारखे बाहेर पडू बघतात, म्हणून बाईंना घर सोडता येत नाही. त्या दिवशी त्या यजमानांचा हात धरून फाटकापाशी आल्या आणि पहारेकऱ्याला म्हणाल्या, “दोन तास यांना तुमच्या बागेत बसू द्याल का? मी डोळे दाखवून येते. कितीतरी दिवस राहिलंय.” पहारेकऱ्याने हात जोडून नाही म्हटलं. बाग रहिवाशांसाठी आहे, नियम तसाच आहे, आणि नियम मोडला असता तर त्याचीच नोकरी गेली असती. बागेत त्या वेळी एकही माणूस नव्हतं. मी फेरी मारून परतत होते, चार पावलांवर होते. मी काही बोलले नाही. ते मला अजून लागतं.

मराठीत ‘देणं’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. हात पुढे करून देतो ते देणं, आणि डोक्यावर असतं, फेडायचं राहिलेलं असतं तेही देणंच. अहवालातलं ते पान पहिल्या अर्थाने लिहिलेलं आहे. मला दुसऱ्या अर्थाबद्दल बोलायचं आहे.

आपल्या संस्थेला मालक नाही. वर्षाअखेर शिल्लक राहिली तर ती कुणाच्या खिशात जात नाही, संस्थेच्याच कामात परत येते. या एका गोष्टीपोटी अनेक देशांत अशा संस्थांना करात सवलत मिळते. म्हणजे आपल्या फाटकापर्यंतचा रस्ता, आग लागली तर धावून येणारे बंब, पावसाचं पाणी वाहून नेणारी गटारं, या सगळ्यातला आपला वाटा शेजारी भरतात. फाटकाशी आलेल्या त्या बाईही भरतात.

ही सवलत कशाबद्दल द्यायची, यावर अमेरिकेत बराच खल झाला आहे. तिथल्या आयकर खात्याने १९७२ साली एक निर्णय दिला, तो मला फार नेमका वाटतो. वृद्धांना तीन गोष्टी लागतात असं तो मानतो: योग्य घर, आरोग्याची काळजी आणि आर्थिक सुरक्षितता. या तिन्ही गरजा जी संस्था भागवते ती धर्मादाय. आर्थिक सुरक्षितता म्हणजे काय, तर राहायला आलेल्या माणसाचे पैसे संपले तरी त्याला घराबाहेर काढायचं नाही, आणि सेवा परवडेल तितक्या कमी दरात द्यायची. १९८५ साली पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयांशी संबंधित एका संस्थेच्या खटल्यात धर्मादाय संस्थेसाठी पाच कसोट्या घालून दिल्या. त्यांतल्या तीन अशा: सेवेचा मोठा भाग विनामूल्य दिला जातो का? लाभ मूठभर ठरावीक लोकांपुरता आहे, की खऱ्याखुऱ्या गरजूंच्या मोठ्या वर्गाला आहे? सरकारवरचा काही भार हलका होतो का? अशी ती विचारणा होती. पुढे १९९७ साली त्या राज्याने यावर कायदाच केला. या कसोट्या आपल्याला कायद्याने लागू असोत वा नसोत, प्रश्न मात्र आपल्यालाही चुकत नाहीत. भरभक्कम अनामत घेऊन प्रवेश देणारी संस्था स्वतःला धर्मादाय म्हणवते तेव्हा रस्त्यापलीकडच्या माणसाला त्याचं उत्तर मागायचा हक्क आहे.

आर्थिक अडचणीत आलेल्या रहिवाशांसाठी आपण वेगळा निधी ठेवतो. त्यातून कोणाला किती मिळतं हे शेजारच्या खोलीलाही कळत नाही, इतकी त्यांची लाज राखली जाते. तुम्ही करता त्यातलं हे सर्वांत चांगलं काम आहे असं मी मानते, आणि गंमत बघा, अहवालात त्याला दोनच ओळी होत्या. पण तो निधी आतल्यांसाठी आहे. बाहेरच्यांचं काय?

जर्मनीत आउग्सबुर्ग शहरात फुगेराई नावाची एक वसाहत आहे. याकोब फुगर या सावकाराने १५२१ साली ती शहरातल्या गरजू लोकांसाठी बांधली. घरभाडं तेव्हा वर्षाला एक ऱ्हाइन गिल्डर ठरलं. ते वाढवलेलंच नाही, आजच्या चलनात ते ८८ युरो-सेंट, म्हणजे एका युरोहूनही कमी होतं. वसाहत तटबंदीची आहे, रात्री दरवाजे बंद होतात. पण पाचशे वर्षं ती आउग्सबुर्गच्या लोकांची म्हणून उभी आहे, कारण आत कोणी यायचं हे शहरातल्या गरजेवरून ठरतं. आपल्याकडे ते कशावरून ठरतं?

आता मुद्द्यावर येते. बाहेर देण्यासारखं आपल्याजवळ काय आहे? बैठकीत हा प्रश्न निघाला की चर्चा पैशावर जाते आणि पैशावरच संपते. पैसे आपल्यापेक्षा इतर कुणीही जास्त देऊ शकेल. जे फक्त आपल्याकडे आहे ते वेगळंच आहे. सांभाळ करण्याची विद्या आपल्याकडे आहे.

याबाबत केंडल ॲट लाँगवुडची गोष्ट तुम्ही जरूर वाचावी. पेनसिल्व्हेनियातलं हे क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं ज्येष्ठ निवास १९७३ साली सुरू झालं. त्या काळी तिथल्या शुश्रूषागृहांत वृद्धांना खुर्चीला किंवा पलंगाला पट्ट्याने बांधून ठेवणं ही रोजची रीत होती. पडू नयेत, भटकू नयेत म्हणून बांधायचं, आणि करणाऱ्यांना त्यात क्रूरता वाटतही नसे, काळजीच वाटे. केंडलने पहिल्या दिवसापासून कोणालाही बांधायचं नाही असं ठरवलं. माणूस का उठतो हे बघायचं. त्याला लघवीला जायचं आहे का, खुर्ची टोचते आहे का, संध्याकाळ झाली की घरी जायची ओढ लागते का. पलंग खाली आणायचा, चप्पल बदलायची, कुणीतरी सोबत चालायचं. हे जमतं हे त्यांना अनुभवाने कळलं तेव्हा ते ज्ञान त्यांनी आपल्या जाहिरातीपुरतं ठेवलं नाही. १९८०च्या दशकात ‘अनटाय द एल्डरली’, म्हणजे वृद्धांना मोकळं करा, या नावाने त्यांनी ते इतर संस्थांना शिकवायला सुरुवात केली. १९८७ साली अमेरिकेत शुश्रूषागृहांसाठी जो कायदा झाला त्यात केवळ सोयीसाठी किंवा शिस्तीसाठी माणसाला बांधून ठेवायला मनाई आली. तो बदल अनेकांच्या धडपडीतून आला, पण त्यात एका ज्येष्ठ निवासाने फुकट वाटलेल्या अनुभवाचाही वाटा आहे. त्याची किंमत कोणत्या धनादेशावर लिहिणार?

आपल्या इमारतीत अशी विद्या रोज वापरली जाते. पाठीला इजा न होऊ देता माणसाला पलंगावरून कसं उठवायचं, पलंगावर खिळलेल्याची कूस किती वेळाने बदलायची, घास घशात अडकणाऱ्याला कसं भरवायचं, पाच मिनिटांत तोच प्रश्न दहा वेळा विचारणाऱ्याला अकराव्यांदा काय उत्तर द्यायचं. आपल्या काळजीवाहकांना हे येतं. रस्त्यापलीकडच्या घराघरांत मुली, सुना, नवरे, बायका हेच काम एकट्याने, न शिकता करताहेत. चुकताहेत, आणि चुकल्याचं ओझं मनावर घेऊन झोपताहेत. महिन्यातून दोन दुपारी आपला हॉल उघडून आपल्याच परिचारिकेने त्यांना हे हाताला हात लावून शिकवलं तर? १९९७ साली बेरे मीसेन या डच मानसतज्ज्ञाने नेदरलँड्समध्ये अल्झायमर कॅफे सुरू केला. स्मृतिभ्रंश झालेला माणूस आणि त्याच्या घरचे, दोघांनीही एकत्र यायचं, चहा-कॉफी घ्यायची, एखाद्या जाणत्याचं ऐकायचं आणि बोलायचं. त्यासाठी खुर्च्या, किटली आणि एक अनुभवी माणूस एवढंच लागतं. पुढे ही कल्पना कितीतरी देशांत गेली. आपल्याकडे खुर्च्या आहेत, किटली आहे, अनुभवी माणसंही आहेत.

सेवकवर्गाबद्दल इथेच सांगून टाकते. अमेरिकेत त्याच १९८७च्या कायद्याने शुश्रूषा सहायकाला किमान ७५ तासांचं प्रशिक्षण ठरवून दिलं. पंचाहत्तर तास म्हणजे दोन आठवड्यांचं काम. एवढ्या शिदोरीवर आपण कुणाच्या तरी आईला कुणाच्या तरी हाती सोपवतो. परिसरातल्या मुलामुलींना आपण पगार देऊन नीट शिकवलं, हातात प्रमाणपत्र दिलं आणि शिकून ती दुसरीकडे गेली तर त्याचं वाईट वाटून घेऊ नये. ती जिथे जातील तिथे कुणाचा तरी सांभाळ करतील. आणि पगार पुरेसा नसेल, आपलीच सेविका महिनाअखेरीस उसनवारी करत असेल, तर बाहेर वाटलेल्या वह्यांना फारसा अर्थ उरत नाही, असं मला स्पष्ट वाटतं.

दुसरी गोष्ट इमारतीची. मोठं स्वयंपाकघर, वीज गेली तरी चालणारं जनरेटर, थंड हवेचा हॉल, चाकाच्या खुर्चीला चढता येईल असा उतार, चोवीस तास जागी असणारी माणसं. पूर किंवा उष्णतेची लाट आली की हेच सारं लागतं. १९९५च्या जुलैमध्ये शिकागोत उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक माणसं दगावली. त्यांत बरीच एकटी राहणारी वृद्ध होती, खिडक्या-दारं लावून घरात बसलेली. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी नंतर शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्यांची तुलना केली. एकीत मृत्यू खूप, दुसरीत फार कमी. फरक होता तो रस्त्यावरच्या वर्दळीचा, पायी जाता येतील अशा दुकानांचा, बाहेर पडावंसं वाटेल अशा जागांचा. ज्यांना जायला ठिकाण होतं ती वाचण्याची शक्यता जास्त होती. अशी लाट आली तर आपला हॉल परिसरातल्या एकट्या वृद्धांसाठी उघडेल का? त्यांची यादी आपल्याकडे आहे का? नसेल तर ती हॉल उघडण्याआधी करायला हवी, कारण घाबरलेला म्हातारा माणूस अनोळखी फाटकाकडे येत नाही. वर्षभर येत-जात असेल तरच तो त्या दिवशी येईल.

आणि तिसरी गोष्ट आम्ही स्वतः. याविषयी जरा हक्काने बोलते.

तुमच्या अहवालात आम्ही नेहमी घेणाऱ्यांच्या बाजूला असतो. शाळेतली मुलं येतात, गाणी म्हणतात, आम्ही टाळ्या वाजवतो, फोटो निघतो, मुलं जातात. मुलं गोड असतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण मी बत्तीस वर्षं मुलांना वाचायला शिकवलं आहे. मला टाळ्या वाजवायला बसवू नका, वाचनात मागे पडलेलं एखादं मूल माझ्याशेजारी बसवा. मी राहते त्या इमारतीत निवृत्त परिचारिका आहेत, हिशेबनीस आहेत, पूल बांधलेले अभियंते आहेत, आयुष्यभर कपडे शिवलेल्या बाई आहेत. त्यांच्यापैकी कुणालाही गेल्या पाच वर्षांत ‘तुम्हाला काय येतं’ असं विचारलेलं मला माहीत नाही.

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात एक्स्पीरियन्स कोअर नावाच्या उपक्रमात साठीच्या पुढची माणसं सरकारी प्राथमिक शाळांत आठवड्याला किमान १५ तास काम करत. सहज गेलं-आलं असं नाही, नेमून दिलेलं काम, आधी प्रशिक्षण आणि वर्षभराचा शब्द. त्यांचा अभ्यास ७०२ जणांवर झाला. मुलांना वाचायला मदत व्हावी आणि वृद्धांची तब्येत टिकावी, असे दोन्ही हेतू त्यात मुद्दाम एकत्र गुंफले होते. सिएटलच्या प्रॉव्हिडन्स माउंट सेंट व्हिन्सेंट या शुश्रूषागृहात १९९१पासून त्याच इमारतीत पाळणाघर चालतं. तिथली मुलं वर्षातून एकदा गाणी म्हणायला येत नाहीत, रोज त्याच दारातून येतात. नेदरलँड्सच्या डेव्हेंटरमधल्या ह्युमॅनिटास निवासात काही विद्यार्थी भाडं न देता राहतात. त्याबदल्यात महिन्याला ३० तास चांगला शेजारी म्हणून घालवायचे. क्लीव्हलंडच्या जडसन मॅनरमध्ये संगीताचे विद्यार्थी तसेच राहतात आणि रहिवाशांसाठी वाजवतात. ज्या शहरात विद्यार्थ्याला खोली परवडत नाही तिथे रिकामी पडलेली खोली ही केवढी मोठी गोष्ट आहे! शिवाय या व्यवहारात कुणी कुणावर उपकार करत नाही.

अडचणी मला कळत नाहीत असं समजू नका. संसर्गाची भीती खरी आहे. २०२०मध्ये दारं बंद झाली तेव्हा ती बंद करणंच योग्य होतं, आणि ते दिवस इथे आत बसून मी काढले आहेत. अशक्त रहिवाशांचा मजला वेगळा ठेवा, बागेला आणि हॉलला बाहेरून वेगळं दार द्या, वेळा ठरवा, साथ आली की बंद करा. नेदरलँड्सच्या वेस्प गावात होगेवेइक ही स्मृतिभ्रंश झालेल्यांची वसाहत आहे. २००९पासून तिथलं उपाहारगृह आणि नाट्यगृह आसपासच्या लोकांना खुलं आहे, आणि आतली माणसंही सुरक्षित आहेत. मनात असलं की व्यवस्था सापडते.

दुसरी हरकत आमच्यातूनच येईल: आम्ही पैसे भरले आहेत, बाग आमची आहे. ती हरकत तुम्ही आमच्या नावाने पुढे करता, म्हणून रहिवासी या नात्याने उत्तर देते. आम्ही राहण्याचे आणि सांभाळाचे पैसे भरले. करसवलत आम्ही विकत घेतलेली नाही, ती परिसराने दिली आहे. एकदा आम्हाला एकत्र बसवून हे सगळं समोर मांडा आणि मग मत घ्या. तुम्हाला वाटतं त्याहून वेगळं उत्तर मिळेल अशी माझी खात्री आहे. दुपारी तीन ते पाच या वेळेत इमारतीत जी शांतता असते तिला आम्ही आराम म्हणतो, पण बऱ्याच जणांसाठी तो एकटेपणा असतो.

हिशेबाबद्दलही एक विनंती आहे. अमेरिकेत ना-नफा रुग्णालयांना २०१०च्या आरोग्य कायद्यानुसार दर तीन वर्षांनी परिसराच्या आरोग्याच्या गरजा पाहाव्या लागतात, त्यासाठी लोकांचं म्हणणं ऐकावं लागतं. शिवाय ती जी मदत करतात तिचा हिशेब दरपत्रकाच्या आकड्याने नाही तर प्रत्यक्ष खर्चाने मांडावा लागतो. ज्येष्ठ निवासांवर ते बंधन नाही. आपण ते आपणहून का घेऊ नये? आधी विचारा, मग द्या. आपल्या परिसराला वह्या हव्या होत्या का, हे कुणी विचारलं होतं? आणि ज्या सभेत नव्या खोल्यांची माहितीपत्रकं वाटली ती सभा योगदानाच्या पानावर नको. रहिवाशांनी स्वतःच्या वेळात बाहेर जाऊन केलेलं कामही संस्थेच्या खात्यात धरू नका, ते त्यांचं आहे.

पुढच्या सर्वसाधारण सभेआधी मला तीन गोष्टींचं उत्तर हवं आहे. परिसरातल्या दहा-वीस घरांत जाऊन, वृद्धांचा सांभाळ करणाऱ्यांना काय लागतं हे विचारायला तुमच्यापैकी कोण जाणार? मी सोबत येईन, मला अजून चालता येतं. रहिवाशांना काय येतं याची यादी कधी होणार? ती करायला मला एक वही आणि आठवडा पुरे. आणि आठवड्यातून एक दुपार बाग आणि तळमजल्याचा हॉल बाहेरच्यांना कधीपासून खुला होणार?

सोमवारी दुपारी हॉलमध्ये काहीही नसतं, मी फलक पाहून आले आहे. दोन निवृत्त परिचारिकांनी आणि मी त्या वेळी तिथे बसायचं कबूल केलं आहे. समोरच्या बाईंचे डोळे अजून दाखवायचे राहिले आहेत. तुमचा होकार आला की पहारेकऱ्याला तेवढं कळवा, बाईंना बोलवायला मीच जाईन.

आपली नम्र,
एक रहिवासी